भाकरतुकडा

फार जुनी गोष्ट. जनाकाकूंच्या घरी भिंगऱ्या नावाचं कुत्र्याचं पिल्लू आलं. काकू भाकरीचा तुकडा उंच धरून गोल फिरवायच्या, भिंगऱ्या उडी मारून तो पकडायचा आणि सगळं घर टाळ्या पिटायचं.

"काकू, तो खाली बसला की मगच द्या हो," चुलीजवळची म्हातारी मांजर म्हणाली.

"असू दे गं, लहान आहे अजून."

बघता बघता भिंगऱ्या चांगलाच दांडगा झाला. अशात सून माहेराहून बाळाला घेऊन आली. काकू दारात दोघांवरून भाकरतुकडा ओवाळू लागल्या. तुकडा गोल फिरताना दिसला आणि भिंगऱ्याने झेप घेतली. सून उंबऱ्यावर कोसळली. बाळाला तिने छातीशी घट्ट धरलं म्हणून ते वाचलं, पण तिचा हात मोडला.

काकूंनी भिंगऱ्याला काठीने बडवून गोठ्यात बांधलं.

"आज टाळ्या का नाही वाजवल्या?" त्याने मांजरीला विचारलं. "उडी कमी पडली का माझी?"

मांजर त्याच्याजवळ सरकून त्याच्या पाठीवरचे वळ चाटू लागली.

संध्याकाळी काकू भाकरी घेऊन आल्या. सवयीने त्यांचा हात वर गेला, तसा भिंगऱ्या अंग चोरून भिंतीला चिकटला. काकूंनी हळूच तुकडा जमिनीवर ठेवला. भिंगऱ्या मात्र त्यांच्या हाताकडेच बघत राहिला.