क्लचचं बाभळीचं दांडकं

अख्ख्या मुलखात या गोष्टीइतकी भारी गोष्ट नाही. निदान सांगणाऱ्याला तरी दुसरी येत नाही.

फार फार वर्षांपूर्वी, ट्रॅक्टर होते पण त्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं अशा काळात, काळ्या रानाचं एक गाव होतं. गावात माणसं दोनशे, शहाणे दोनशे आणि ट्रॅक्टर एक. पावसाळाभर तिथं नुसता चिखल. पाऊस उघडून वाफसा आला, म्हणजे रान ना चिखल ना ढेकूळ असं झालं, की जोंधळा पेरायचा. वाफसा तीन दिवस टिके. चौथ्या दिवशी ढेकूळ असं कडक होई, की शहाण्याच्या डोक्यात घातलं तरी ढेकूळ फुटत नसे.

ट्रॅक्टर एका म्हाताऱ्याकडे होता. दर वर्षी मृगाआधी तो ट्रॅक्टर शेडमध्ये लावी, क्लचचं पेडल तळापर्यंत दाबी आणि बायकोने दिलेलं बाभळीचं दांडकं पेडल आणि सीटच्या मधे ठोकून बसवी. मग दोघं ट्रॅक्टरला हात जोडत. गाव हसे, पण लांबून.

पुढे म्हातारा गेला. ट्रॅक्टर पुतण्याकडे आला. मृग जवळ आला तशी काकू दांडकं घेऊन हजर.

"काकू, लोखंडाला कुबडी कशाला?"

"अरे, त्याचं कारण तरी ऐक—"

ऐकायला पुतण्या होता कुठे? दांडकं घेऊन तो अंघोळीच्या पाण्याच्या बंबाकडे गेलाही होता. बाभूळ काय झकास पेटते!

चार महिने सरले. वाफसा आला. पुतण्या ऐटीत सीटवर चढला. इंजिन लागलं, त्याने क्लच दाबला, गिअर टाकला, तर खर्रर्रर्र! लिंबावरचे कावळे उडाले. दुसरा गिअर टाकला, तो पहिल्यापेक्षा मोठ्याने ओरडला.

बाजारगावचा मेकॅनिक आला. म्हणाला, "गिअरबॉक्स गेला. ट्रॅक्टर मधून खोलावा लागेल. आठ दिवस."

पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालं. बियाण्याची पोती घेऊन सारं गाव समोर उभं. वर्षाची भाकरी त्याच्या एका पायाखाली अडकली होती.

गर्दीतून काकू पुढे आली. "इंजिन बंद कर. आता टाक गिअर."

गिअर पडला. हूं की चूं नाही.

"मग गिअरबॉक्सचा काय गुन्हा? बंद इंजिनात गिअर पडतो, चालू इंजिनात ओरडतो. म्हणजे क्लच सुटत नाही. दमट हवेनं क्लचची प्लेट गंजून इंजिनाच्या चाकाला चिकटलीय."

मेकॅनिकने नकळत डोक्यावरची टोपी काढली.

"इंजिन चांगलं तापव. मग बंद करून वरचा गिअर टाक, क्लच दाबून धर आणि तसाच स्टार्टर मार. मोकळ्या रानात पळव. पाय क्लचवरून उचलायचा नाही. मधूनमधून ब्रेकचा दणका दे. आणि तुम्ही शहाणे, बाजूला व्हा!"

ट्रॅक्टर उसळला. क्लच दाबलेला, तरी धावत सुटला. पुतण्याने ब्रेक मारला. काही नाही. पुन्हा मारला. काही नाही. तिसऱ्यांदा मारला, आणि पोटातून आवाज आला, ताड!

ट्रॅक्टर जागीच थांबला. गिअर पडलेला, इंजिन धडधडतंय, आणि चाकं मात्र शांत. जणू एवढ्या लोखंडाने माणसाचा शब्द ऐकला.

पुतण्या पाय क्लचवरच ठेवून मागे वळला. "काकू, ते दांडकं..."

"ते पेडल दाबून धरायचं. प्लेट आणि इंजिनाच्या चाकात फट राहायची. कागदाएवढी."

कागदाएवढी फट! इतकी वर्षं गावाची भाकरी त्या फटीने सांभाळली होती, आणि ती फट एका बाभळीच्या तुकड्याने.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत रानातलं शेवटचं तास पेरून झालं. पुतण्याने नवं दांडकं तासलं, पारावर चढला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मंडळी, ध्यानात ठेवा! जुन्या रीतीचं कारण आपल्याला ठाऊक नसेल, तर ती मोडण्याआधी विचारावं!"

"ते झालं रे," खालून काकू म्हणाली, "पण अंघोळीचं पाणी तरी नीट तापलं होतं का?"