पोथीच्या कपाटातला राउटर

एकदा असे झाले, की एका वृद्ध शास्त्रीबुवांच्या घरचे वायफाय रुसले.

शास्त्रीबुवा जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक. तळमजल्यावर ते आणि त्यांचा शिष्य राहत. माडीवर परदेशातल्या मुलांना ऑनलाइन पेटी शिकवणाऱ्या दमयंतीबाई आणि घरून नोकरी करणारा कौस्तुभ. वायफाय चौघांत एक. ज्याचे चित्र अडकेल तो राउटर बंद करून पुन्हा चालू करी, आणि तेवढ्यात इतर तिघांचे तुटे.

शिष्याच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा गुरुवारी दहा वाजता व्हिडिओवरून होती. संपर्क तुटला तर पुढची तारीख सहा महिन्यांनी. मध्येच कोणी राउटर बंद केला तर? या धास्तीने त्याने सोमवारी, त्या घरात मोलाची वस्तू जशी जपत तसाच राउटर जपला. तो पोथी बांधायच्या तांबड्या बासनात गुंडाळला, वायर मागच्या फटीतून काढून पोथ्यांच्या लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली जानव्याला बांधली.

वायफाय अधिकच बिघडले. बुधवारी रंगीत तालमीत मित्राला पडद्यावर त्याचा नुसता अडकलेला उघडा जबडा दिसला. शिष्य जिन्यात येऊन ओरडला, “दमयंतीबाई, पेटी बंद करा! सगळं इंटरनेट तीच खाते!”

“माझी पेटी?” वरून उत्तर आले. “अरे, सोमवारपासून माझा ‘सा’ शिकागोला पोचतो आणि ‘रे’ वाटेत मरतो! तुझ्याच पोथ्यांचे फोटो खात असतील.”

कौस्तुभही बाहेर डोकावला. “भांडा तुम्ही. इथे माझा साहेब अर्ध्या तासापासून ‘हॅलो हॅलो’ करतोय.”

गलका ऐकून शास्त्रीबुवा उठले. त्यांनी किल्ली मागून घेतली, कपाट उघडले, उपरणे तोंडावर गुंडाळले, डोके पोथ्यांमध्ये खुपसले आणि दार मानेपर्यंत ओढून घेतले. सगळे धावत खाली आले. थोड्या वेळाने बुवा बाहेर आले, नाकाला धूळ लागलेली.

“काय ऐकलंत?” त्यांनी विचारले.

“काहीच नाही. पुटपुटल्यासारखं वाटलं,” शिष्य म्हणाला.

“मी तीनदा चहा मागितला.”

कौस्तुभला हसू आवरेना. बुवा म्हणाले, “यंत्रातलं मला कळत नाही, कदाचित चुकतही असेन. पण पोथी बांधून ठेवली तरी चालते. आपण उघडू तेव्हाच ती बोलते. हा बिचारा दिवसभर चौघांशी बोलतो. तू त्याच्या तोंडाला फडकं बांधलंस, त्याला लोखंडात कोंडलंस, आणि ऐकू येत नाही म्हणून माडीवर ओरडलास.”

“पण बुवा, बाहेर ठेवला तर कोणीही बंद करेल! उद्या माझी परीक्षा आहे.”

“ते यांना सांगितलंस?”



“परीक्षा? उद्या?” दमयंतीबाईंनी कपाळावर हात मारला. “अरे शहाण्या, हे आधी बोलायचंस! दहाच्या मुलाला मी बाराला बोलावते.”

“आणि मी बटणाला हात लावणार नाही,” कौस्तुभ म्हणाला.

बुवांनी बासन सोडून घडी घातली. “राउटर तीन दिवस कोंडलेला होता. तू त्याच्याही आधीपासून.”

राउटर जिन्यातल्या कोनाड्यात, उघड्यावर गेला. गुरुवारी दहा वाजता माडी शांत होती. परीक्षकांचे प्रश्न स्वच्छ ऐकू आले. एका पाठभेदावर शिष्य अडखळला, पण तो दोष वायफायचा नव्हता. साडेअकराला तो डॉक्टर होऊन बाहेर आला.

जिन्याखालच्या खुर्चीत बुवा बसले होते. त्यांनी अगदी हळू म्हटले, “चहा मिळेल का?”

“आणते हो, शास्त्रीबुवा! डॉक्टरसाहेबांनाही आणते!” माडीवरून लगेच आवाज आला.

काय जपायचे आणि काय सांगायचे, यात माझीही अनेकदा गफलत होते. म्हणून हल्ली कुलूप लावण्याआधी मी एकदा हाक मारून पाहतो.