वीस मडकी, चार बैल

“मडकी वीस आणि बैल चार,” कुंभारीण म्हणाली. “हत्तीवर बसून कोथिंबीर आणायला निघालात होय?”

“गाडा तुझ्या डोळ्यांत खुपतोय,” कुंभार म्हणाला.

“खुपेल नाही तर काय. अंगणात मावत नाही, डोळ्यांतच शिरणार.”

राजे पुष्कळ आणि रस्ते थोडे, अशा फार जुन्या काळी हे भांडण चाललं होतं. लहानांनी ऐकावं, आणि स्वतःला मोठे म्हणवणाऱ्यांनी तर कान देऊन ऐकावं.

कुंभाराकडे एक लहानसा छकडा होता. तळ्यावरची माती, भट्टीच्या शेण्या, बाजाराची मडकी, सगळं त्यातून येई-जाई. पण वर्षाच्या जत्रेत बाकीचे कुंभार मोठाले गाडे घेऊन येत आणि याच्या छकड्याला ‘पाळणा’ म्हणून हसत. ते हसणं त्याच्या मनात काट्यासारखं मोडून बसलं होतं. शेवटी त्याने सुताराकडून एक अवाढव्य गाडा आठ दिवस वापरून बघायला आणला. पसंत पडला, तर बदल्यात छकडा सुताराला द्यायचा, असं ठरलं.

आज खिंडीपलीकडच्या गावात पाटलाच्या मुलीचं लग्न होतं. बोहल्याच्या चारी कोपऱ्यांना पाच-पाच मडक्यांची उतरंड रचल्याशिवाय तिथे लग्न लागत नसे, आणि ती रचण्याचा मान याच कुंभाराच्या घराचा. मुहूर्ताआधी मडकी पोचली नाहीत, तर ज्याची पोचतील त्याचा मान.

“पाटलाच्या दारात छकडा नेऊ?” कुंभार म्हणाला.

“आजवर नेलातच की. पाटलाने पाणी विचारलं नाही का?”

कुंभाराकडे बैल दोनच, म्हणून त्याने तेल्याची जोडी मागून आणली होती. गाड्यात वीस मडकी ठेवली, तर माळावर चार शेळ्या चुकून राहाव्यात तशी दिसली. गाडा भरलेला दिसावा म्हणून त्याने आणखी वीस चढवली.

“खाली गवत तरी घाला,” कुंभारीण म्हणाली.

“तीस वर्षं मडकी नेतोय. कधी घातलं होतं गवत?”

बोलणं खरं होतं. छकड्यात मडकी एकमेकांना इतकी दाटून बसत, की त्यांना हलायला जागाच नसे. गाड्यात जागाच जागा. पहिल्या चढाला मडकी मागे गेली, पहिल्या उताराला पुढे आली. मागून आवाज आला की कुंभार मान ताठ करी. वळून बघायचा त्याला धीर होत नव्हता.

तेल्याच्या बैलांना जन्मभर घाण्याभोवती फिरायची सवय. ते सरळ वाटेवरही डावीकडे ओढत. गाडा तीनदा शेतात उतरला, तीनदा वर काढावा लागला. सूर्य डोक्याकडे सरकला.

खिंडीच्या तोंडाशी कुंभाराने बैल थांबवले. खिंडीपेक्षा गाडा वीतभर रुंद होता. मागे वळवायलाही जागा नव्हती. पलीकडून सनईचा सूर येत होता. कुंभाराने शेवटी गाड्यात चढून धड मडकी मोजली. बापाने, आज्याने जपलेला मान, आणि तो मडक्यांच्या खापऱ्यांत उभा.

इतक्यात मागून खडखड आली. छकडा होता. त्याला माती वाहायचं गाढव जुंपलं होतं, आणि त्यात नव्या लुगड्यात कुंभारीण बसली होती.

“मागे मागे कशाला आलीस?” तो म्हणाला.

“तुमच्या मागे कोण येतंय. मी लग्नाला निघालेय.” तिने गाड्यात डोकावून पाहिलं. “धड किती आहेत?”

“तेवीस.”

“मग चला, उचला.” मडकी छकड्यात आली, बैल झाडाला बांधले, आणि छकडा गाड्याच्या कडेने खिंडीत शिरला.

पाटलाच्या दारात कुंभार गाढवाच्या छकड्यातून उतरला. कुणी हसलं नाही. सगळे मुहूर्त मोजणाऱ्या घटिकापात्राकडे बघत होते. पण वाट पाहून पाहून भटजींनी एका कोपऱ्यात दुसऱ्या कुंभाराची उतरंड रचून घेतली होती. कुंभाराला तीनच कोपरे मिळाले. त्या दिवसापासून चौथ्या कोपऱ्याचा मान कायमचा दुसऱ्या घरी गेला.

परतताना दोघांनी गाडा कसाबसा मागे रेटून वळवला.

“गाड्याचा काय दोष,” कुंभार म्हणाला. “खिंडच अरुंद.”

“मग खिंड परत करा सुताराला.”

“पण जत्रेला तरी मोठा गाडा लागेलच ना? तिथे चार माणसांत...”

कुंभारणीने छकडा थांबवला. त्यानंतर त्या घरात गाड्याचं नाव निघालं नाही. दुसऱ्या दिवशी गाडा सुताराच्या दारात परत गेला. कारण छकडा थांबवून ती एवढंच म्हणाली, “जत्रा वर्षातून एकदा आणि वाट रोजची, गाडी रोजच्या वाटेच्या मापाने ठेवावी, जत्रेतल्या लोकांच्या डोळ्यांच्या मापाने नाही.”