तांब्याचा फिल्टर

"मग हंड्याला आतून चांदीचा पत्रा लावू का? चांदी तर तांब्याहून शुद्ध."

नाथबाबा काचेच्या टाकीत बघत होते. तळाशी आणखी एक खेकडा आपला शंख सोडून बाहेर येऊन पडला होता. शंख एकीकडे, खेकडा एकीकडे.

"तांब्यातच काही भेसळ असणार, बाबा," वामन करडे पुन्हा म्हणाला. "भंगाराचा माल आला असेल. नाहीतर असं कसं होईल?"

बाबा आयुष्यभर गलबतांवर खलाशी होते. उतारवयात अंगाला राख फासली आणि देवगडच्या पुढे एका कड्यावर झोपडी बांधून राहिले. पुढे गुडघे गेले, कडा उतरणं संपलं. तेव्हा खालच्या मच्छीमारांनी कॅन भरभरून समुद्र वर आणून दिला. टाकीत एक समुद्रफूल, म्हणजे दगडाला चिकटून फुलासारखा उमलणारा जीव, त्याच्या कुशीत राहणारे दोन नारिंगी मासे, थोडी कोळंबी आणि शंखातले खेकडे. दुरून दिसायचा तो समुद्र सगळ्यांचाच होता. ज्यात हात घालता येईल असा बाबांना एवढाच उरला होता.

पाणी गाळायला होती श्रीखंडाची रिकामी प्लॅस्टिकची बादली. तळाला भोकं, आत शिंपल्यांचा चुरा आणि फाटक्या जाळ्याचा बोळा. छोटा पंप पाणी वर चढवायचा, ते झिरपत पुन्हा टाकीत यायचं. दिसायला गबाळं, आणि वासाचं तर बोलायलाच नको.

बाबांचा शिष्य वामन पुण्याच्या तांबट आळीतला. बापजाद्यांपासून हातात हातोडी, आणि त्या हाताचा गर्व नाकावर. गुरूच्या समुद्रानं श्रीखंडाच्या बादलीतून वाहावं, हे त्याला फार सलायचं. बाबा तापानं तालुक्याच्या दवाखान्यात पडले आणि वामनला संधी मिळाली. त्यानं तांब्याचा उभट हंडा घडवला, ठोके मारमारून मठारला, पितळेची तोटी बसवली, आत तांब्याच्याच तारेची जाळी ओवली आणि तो बादलीच्या जागी चढवला. कल्हई मुद्दाम केली नाही; तांब्याची लाली झाकली गेली असती. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, पण ते भरणारा बहुधा दुसराच कुणीतरी असतो.

आधी कोळंबी गेली. मग खेकडे शंख सोडू लागले. वामन रोज हंडा उतरवून चिंच लावून लख्ख करायचा आणि परत बसवायचा. आणि आज बाबा परतले होते.

त्यांनी हात लांबवून पंपाचं बटण बंद केलं. झोपडीत एकदम शांत झालं.

"वामना... हो हंडो घरी नेलंस, तर हेच्यात लोणचा घालतलंस?"

वामन हसलाच. तांबटाच्या पोराला हे विचारायचं?

"छे हो, बाबा! बिनकल्हईच्या भांड्यात लोणचं? आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. मीठ लागलं की तांबं कळंकतं. हिरवं सुटतं त्यातून, आणि खाणाऱ्याला..."

तो थांबला.

वामननं हंडा उतरवला, आत अंगठा फिरवला, आणि अंगठ्याकडे बघत राहिला. अंगठा हिरवा झाला होता.

शरमेनं त्याच्या कानशिलांत रक्त चढलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भांड्यांना कल्हई लावत आलेला माणूस समुद्र खारट असतो हे विसरला होता.

"जुनी बादली घेवन ये," बाबा म्हणाले.

वामन लगबगीनं गेला. एवढं तरी आपण नीट केलंय, असं त्याला वाटलं. बादली त्यानं टाकली नव्हती. राखेनं घासून, शिंपले उकळून, जाळं उन्हात कडकडीत वाळवून सगळं जपून ठेवलं होतं.

बाबांनी बादलीच्या आतून हात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"हेच्यातली बुळबुळ खंय गेली?"

"घासून काढली, बाबा. फार घाण साठली होती."

"घाण नाय रे ती... पाणी धुवणारी तीच."

मागे फिरायचा रस्तासुद्धा वामननं स्वतःच घासूनपुसून साफ केला होता.

"समुद्रफूल तरी..." तो टाकीकडे वळला. "ते तरी जगेल ना?"

बाबांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि मिटलेल्या फुलाला बोट लावलं. जिवंत समुद्रफूल बोटाला चिकटतं, धरून ठेवतं. बाबा बराच वेळ बोट तसंच ठेवून बसले. बोटाला काही चिकटलं नाही.

दोन नारिंगी मासे त्याच जागेभोवती फिरत होते. मध्येच फुलात शिरायला बघत आणि मागे सरत.

"मी ताजं पाणी मागवतो," वामन म्हणाला. "आत्ता, लगेच."

"होडये सांजेक येतले. तवसर ह्याच पाणी."

"मग संध्याकाळपर्यंत नवा फिल्टर करतो. तांबं नको, पितळ नको, खिळासुद्धा नको. काच, प्लॅस्टिक, तुम्ही म्हणाल ते. माझ्या हातानं करतो, बाबा, फक्त हे दोघं..."

तो टाकीवर वाकला होता. मासे त्याच्या तोंडाखालून जात होते. त्याचे डोळे भरून आले, नाकाच्या शेंड्यावर थेंब जमला.

बाबांनी ओल्या हातानं त्याची हनुवटी धरली आणि तोंड टाकीवरून बाजूला वळवलं. हलकेच नाही, जोरानं.

"रडाचा आसा तर हयसर तोंड करून रड. पाण्यात आता काय एक पडाक नको."