गोगीचा पहिला गरा

एक होती गोगलगाय. तिचं नाव गोगी.
गोगी एवढीशी. तिचं घर तिच्याच पाठीवर.

फणसाच्या झाडावर एक फणस होता. हिरवा, कच्चा, काटेरी.
उन्हाळा आला. गोगीला झोप आली. ती फणसाच्या देठाला चिकटली.
फणस म्हणाला, "झोप तू. मी पिकलो की पहिला गरा तुला."
गोगी घरात शिरली. दार लावलं. गुडुप झोपली.

मग एका सकाळी गोगी जागी झाली. तिनं एक डोळा बाहेर काढला. दुसरा डोळा बाहेर काढला.
फणस नाही.
नुसता देठ. देठातून पांढरा पांढरा चीक. टप टप, टप टप.
"माझा फणस कुठं गेला? माझा गरा कुठं गेला?"

वारा आला. वाऱ्याबरोबर वास आला. घमघम, घमघम.
गोगी वासामागं निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

वच्छीकाकीच्या पडवीत फणस बसला होता. पोट फुगवून. ऐटीत.
गोगी म्हणाली, "फणसा फणसा, तू पिकलास. माझा पहिला गरा दे ना."
फणस म्हणाला, "देईन की. माझ्या पोटात पिवळे पिवळे गरे आहेत. मधासारखे गोड. पण वरून बघ, काटेच काटे. काकी मला चिरेल, तर मी गरा देईन."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
वच्छीकाकी तांदूळ निवडत होती.
गोगी म्हणाली, "काकी काकी, फणस चिर ना.
गरा काही मिळेना."
काकी म्हणाली, "मी नाही बाय चिरणार. फणसाचा चीक फार चिकट. पाण्यानं जात नाही. साबणानं जात नाही. तेलानंच जातो. एकदा मी तेल न लावता फणस चिरला. बोटाला बोट चिकटलं. हाताला विळी चिकटली. शेजारीण सोडवायला आली, तीही चिकटली. आणि आज घरात तेलाचा थेंब नाही. नारळ तेल देईल, तर मी फणस चिरीन."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
माड उंच उंच. नारळ वर वर.
गोगी म्हणाली, "नारळा नारळा, तेल दे ना.
काकी फणस चिरेना,
गरा काही मिळेना."
वरून आवाज आला, "काय? मोठ्यानं बोल. इथं वारा फार."
गोगीनं मान लांब केली. आणखी लांब केली.
"काकी फणस चिरेना,
गरा काही मिळेना."
नारळ म्हणाला, "हां, आत्ता कळलं. माझ्यात पाणी आहे, गार गार. खोबरं आहे, पांढरंशुभ्र. तेल आहे, चटणी आहे, करंजीतलं सारण आहे. काय नाही माझ्यात? पण मी वर आणि काकी खाली. भिवामामा माडावर चढेल, तर मी तेल देईन."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
भिवामामा माडावर चढून नारळ काढायचा. आत्ता मात्र तो सावलीत बसला होता. कमरेला कोयता. डोळे अर्धे मिटलेले.
"काय गो गोगे," मामा म्हणाला, "धावत धावत कुठं निघालीस?"
गोगी म्हणाली, "मामा मामा, माडावर चढ ना.
नारळ तेल देईना,
काकी फणस चिरेना,
गरा काही मिळेना."
मामा म्हणाला, "मी नाही चढणार. घसा सुकलाय. ऐक, कसा वाजतोय. खर्र खर्र. रातांबा खाली पडेल, तर मी त्याचं सरबत पिईन. आणि मग माडावर चढीन."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
रातांबा फांदीवर डुलत होता. लाल लाल, गोल गोल.
गोगी म्हणाली, "रातांब्या रातांब्या, खाली पड ना.
मामा माडावर चढेना,
नारळ तेल देईना,
काकी फणस चिरेना,
गरा काही मिळेना."
रातांबा म्हणाला, "मी आंबट आंबट. माझं नुसतं नाव काढलं की तोंडाला पाणी सुटतं."
गोगीच्या तोंडाला पाणी सुटलं.
"बघ, सुटलं ना? माझी साल वाळवली की आमसूल. आमसुलाची सोलकढी. भाताशी खातात, वाटीभर नुसती पितात. पण माझा देठ घट्ट. वानर फांदी हलवेल, तर मी खाली पडेन."

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
वानर झाडाखाली पाय पसरून बसलं होतं.
"घर पाठीवर घेऊन निघालीस?" वानर म्हणालं. "कुणी हाकललं का तुला?"
गोगी म्हणाली, "वानरा वानरा, फांदी हलव ना.
रातांबा खाली पडेना,
मामा माडावर चढेना,
नारळ तेल देईना,
काकी फणस चिरेना,
गरा काही मिळेना."
वानर म्हणालं, "मी नाही हलवणार. कंटाळा आलाय. आंबा खाल्ला, गोड गोड, पण रोज तोच. करवंद खाल्लं, ओठ चिकटले. जांभूळ खाल्लं, जीभ जांभळी झाली. काजूचं बोंड खाल्लं, घसा खवखवला. कधी न चाखलेलं फळ मिळेल, तर मी फांदी हलवीन."

गोगी थांबली.
कधी न चाखलेलं फळ? ते कुठून आणायचं?
दूरवरून फणसाचा वास आला. घमघम, घमघम. गोगीचा एक डोळा ओला झाला. दुसरा डोळा ओला झाला.
ओल्या डोळ्यांनी तिनं कुंपणाकडं पाहिलं.

कुंपणापाशी एक सिमेंटचा खांब. खांबावर हिरवी काटेरी वेल. काकीच्या भाच्यानं ती लांबून आणून लावली होती. वेलीवर एक फळ. गुलाबी गुलाबी. अंगभर हिरवी टोकं, जणू आत्ताच झोपेतून उठलंय आणि केस विंचरायचे राहिलेत.
ते होतं ड्रॅगन फ्रूट.
काकी त्याला म्हणायची, निवडुंगाचं पोर. मामा म्हणायचा, हे कोण खाणार? नारळ तर वरून बघायचाच नाही.

गोगी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
गोगी म्हणाली, "ड्रॅगन फ्रुटा, ड्रॅगन फ्रुटा, वानराकडं चल ना.
वानर फांदी हलवेना,
रातांबा खाली पडेना,
मामा माडावर चढेना,
नारळ तेल देईना,
काकी फणस चिरेना,
गरा काही मिळेना."
ड्रॅगन फ्रूट म्हणालं, "चल."
गोगी म्हणाली, "पण आधी तुला काय हवं?"
"काही नको."
"म्हणजे? मी आता कुणाकडं जाऊ?"
"कुणाकडं नको. मी येतंय ना. मला आजवर कुणी बोलावलंच नव्हतं."

आणि ड्रॅगन फ्रूट वेलीवरून सुटलं. थप्प.
उतारावरून घरंगळलं. गडगड गडगड, गडगड गडगड.
थेट वानराच्या पायाशी.

वानरानं साल काढली. आत गर, साल फिकी वाटेल इतका लाल गुलाबी. गरात काळ्या काळ्या बिया, तिळासारख्या.
वानरानं एक घास खाल्ला. डोळे मिटले.
"फार गोड नाही. आंबट तर नाहीच. गार गार आहे. आणि बिया दाताखाली कुरुम कुरुम."
त्याचे ओठ गुलाबी झाले. हात गुलाबी झाले. नाकसुद्धा गुलाबी झालं.

मग वानरानं फांदी हलवली. गदागदा, गदागदा.
रातांबा खाली पडला. टपकन. त्याच्यामागं त्याचे भाऊही पडले. टप टप टप.
मामानं रातांबे पाण्यात कुसकरले. वर गुळाचा खडा टाकला. सरबत झालं लालचुटुक. मामा प्यायला. गटगट गटगट.
"वा," मामा म्हणाला, "पोटापर्यंत गारवा गेला."
मामा माडावर चढला. सरसर सरसर.
नारळ खाली आला. धप्प.
काकीनं खोबरं खोवलं. खोबऱ्याचं दूध काढलं. दूध चुलीवर ठेवलं. रटरट रटरट. दूध आटलं, तेल सुटलं. घरभर वास.
काकीनं हाताला तेल लावलं. विळीला तेल लावलं.
काकीनं फणस चिरला. चर्र.
बोटाला बोट चिकटलं नाही. हाताला विळी चिकटली नाही. शेजारीण नुसती बघायला आली, आणि तिथंच बसली.

आत पिवळे पिवळे गरे. घमघम घमघम.
मामानं हात पुढं केला.
"भिवा, हात मागं," काकी म्हणाली.
वानरानं गुलाबी हात पुढं केला.
"तूही मागं."
काकीचं स्वतःचंच बोट तोंडाकडं निघालं होतं. तिनं तेही मागं घेतलं.
सगळे कुंपणाकडं वळले. वाट बघू लागले.

सुळुक सुळुक. सुळुक सुळुक.
कुंपणापासून पडवीपर्यंत. हळू. आणखी हळू.
मामा म्हणाला, "हिला उचलून आणू का?"
काकी म्हणाली, "नको. येईल ती."
गोगी आली.

फणस म्हणाला, "पहिला गरा कुणाचा?"
सगळे म्हणाले, "गोगीचा."
काकीनं पहिला गरा पानावर ठेवला. गरा केवढा, गोगी केवढी. गोगीनं खाल्लं, खाल्लं, खाल्लं. गऱ्याला भोक पडलं. गोगी भोकातून आत गेली आणि आतून खात राहिली.
नुसते दोन डोळे बाहेर. मधासारखे पिवळे झालेले.

मग सगळ्यांनी गरे खाल्ले. मामानं, वानरानं, काकीनं, शेजारणीनंसुद्धा.
मग काकी तांब्याभर पाणी घेऊन कुंपणाकडं गेली. गुलाबी फळाच्या वेलीला पाणी घातलं. वेलीवर एक नवी कळी होती.
काकी म्हणाली, "पिकलीस की सांग बाय. मी येईन मागायला."

गरे संपले, आठळ्या उरल्या.
आठळ्या चुलीत भाजल्या.
ज्यानं गोष्ट सांगितली, त्याला एक.
ज्यानं गोष्ट ऐकली, त्याला एक.
आणि जो ऐकता ऐकता झोपला, त्याची उशाशी ठेवली.