ठकूची वाट

फार वर्षांपूर्वी, शिवणी नदीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर ओंडक्यावरून जीव मुठीत धरून जावं लागे, तेव्हा वेळकोंड गावात ठकू भोईण राहायची. नदी लहानशी, पण खडस माशांनी भरलेली. ठकूनं गळ टाकला की मासे आपणहून रांग लावत, असं म्हणतात. आता मासे रांग लावतील का, ते तुम्हीच ठरवा. पण तिच्या कालवणाचा वास पार शिवारापर्यंत जायचा, हे मात्र खरं.

तिला एकच लेक, रंगू. रंगूच्या लग्नात ठकूला वाटलं, व्याह्यांच्या पानात काही कमी पडता कामा नये. गळानं एकेक मासा काढत बसायला वेळ कुठला? तिनं रामेठ्याची साल कुटली आणि डोहात कालवली. त्या सालीच्या विषानं मासे गुंगून वर येतात. आलेही, पण लहानमोठे सगळेच आले, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. वऱ्हाड बोटं चाटत जेवलं, आणि नदी रिकामी झाली.

सात वर्षं शिवणीत खडस दिसला नाही. सात वर्षं रंगूची कूसही उजवली नाही. तोंडावर कुणी बोललं नाही, पण ठकूनं दोन्हींचा दोष स्वतःच्या पदरात घेतला. गळ तिनं आढ्याला टांगून ठेवला.

आठव्या वर्षी रंगू पोट सांभाळत बाळंतपणाला माहेरी आली. ठकूला हसावं की रडावं कळेना.

"काय खाशील गं?" तिनं विचारलं.

"आये, शिवनीचा खडस खाऊ वाटतोया," रंगू म्हणाली.

पोटुशीचे डोहाळे पुरवायचे नाहीत तर कुणाचे? पण नदीत मासा असेल तर ना!

आषाढाचं गढूळ पाणी चढलं. या दिवसांत मासे अंडी घालायला धारेच्या उलट वर चढतात. त्यांना अडवायला ठकूच्या सासऱ्यानं नदीत आडवा दगडी बांध रचला होता. ठकूनं आढ्याचा गळ काढला, देवाचं नाव घेतलं आणि बांधाखाली टाकला. दोरी ताणली. हातभर लांब खडस! अख्खं गाव टोपल्या घेऊन धावत आलं. ठकूनं मासा उराशी धरला, पोटाखाली हात फिरवला आणि हात तिथंच थांबला. पोट अंड्यांनी टच्च भरलं होतं.

काठावर रंगू उभी होती. आईचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं.

"आये, सोड तिला," ती म्हणाली. "ती पन माज्यासारकीच माहेराला निघालीया."

ठकूला रडू कोसळलं. तिनं मासा बांधाच्या वरच्या अंगाला सोडला आणि कमरभर पाण्यात उभी राहून बांधाचे दगड उपसायला लागली.

"ठके, येडी झालीस का? सासऱ्याचा बांध हाय तो!" पाटील ओरडला.

"लेकी वाटंत अडकल्यात, पाटील. बांधाचं काय सांगताय?"

असं म्हणतात, चार गड्यांना न हलणारा दगड तिच्या हातात भाकरीसारखा आला. असं म्हणतात, वाट मोकळी झाली तशी खालून खडसांची रीघ लागली आणि तीन दिवस पाणी रुपेरी वाहिलं. ते कुठून आले, कुणालाच माहीत नाही. तिसऱ्या दिवशी रंगू सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. ठकूनं नदीकडे तोंड करून हात जोडले आणि सात वर्षांनी पहिल्यांदा गाढ झोपली.

वेळकोंडात आजही रामेठ्याची साल कुणी नदीकाठी आणत नाही. आषाढ-श्रावणात घरोघरचे गळ आढ्याला असतात. पुढं मासे धरतात तेही गळानंच, आणि भरल्या पोटाची मादी लागली तर हळूच सोडून देतात. बांधातल्या खिंडाराला ठकूची वाट म्हणतात. गावची लेक बाळंतपणाला आली, की आधी तिला तिथं नेतात. ती मूठभर तांदूळ पाण्यात सोडते, खडस वर येतात, आणि आई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणते, "भिऊ नगंस बाई, वाट मोकळी हाय."