दोरी ओढणारी

फार जुनी गोष्ट. किती राजे आले नि गेले, ते तेव्हा कुणी मोजत नसे; पण बारशाचे पाळणे मात्र गावातच घडत.

अशाच एका गावात एक शिंपी होता. हातात सुई, पण जीव सगळा लाकडात! लाकूड गोल कातून वस्तू घडवणारा गावचा कातारी वारला, तेव्हा शिंप्याने त्याचा खराद मागून आणला. लाकडाला दोरी गुंडाळायची, एकाने ती उजव्या-डाव्या हाताने ओढून लाकूड गरगर फिरवायचं, दुसऱ्याने हत्यार धरून घडवायचं, असा तो खराद. दोरी ओढायला शिंप्याने कातारणीलाच, म्हणजे काताऱ्याच्या म्हाताऱ्या बायकोलाच, बसवलं.

"काकू, तुम्ही नुसतं ओढा," तो म्हणाला. "मध्ये बोलू नका, माझा हात चुकतो."

म्हातारी गप्प राहून ओढू लागली. लाटणी झाली, भोवरे झाले. वाकडेतिकडे का होईना, झाले. पुढे शिंप्याच्या लेकीला बाळ झालं, आणि आनंदाच्या भरात हा विहिणीपुढे बोलून बसला, "बारशाचा पाळणा मी माझ्या हाताने घडवणार!"

झालं! पाळण्याला हवेत चार गोल खांब. खांब अर्ध्यावर आला की हत्यार रुतायचं नि लाकडाचा लचका निघायचा. शिंप्याला अन्न गोड लागेना. बसला की उठावंसं वाटे, उठला की कुठे जावं ते कळेना. विहिणीपुढे नाक कापलं जाणार!

"गुरूवाचून हे जमायचं नाही," तो बायकोला म्हणाला.

"मग शोधा की. पण बारसं थांबणार नाही हो!"

निघाला. पहिल्या गावचा कातारी म्हणाला, "बारा वर्षं राहशील?" दुसऱ्या गावचा जत्रेला गेलेला. तिसऱ्याने तर दारच लावून घेतलं. विद्या घराबाहेर द्यायची नाही म्हणे. आठ दिवस वणवण करून शिंपी हात हलवत परत आला. बारशाला उरले दोन दिवस.

आल्या आल्या तो खरादाशी बसला. "ओढा काकू!" लचका निघाला. "ओढा!" पुन्हा लचका. तशी म्हातारीने दोरी खाली टाकली.

"नाही ओढत, जा! चांगल्या लाकडाची माती बघवत नाही मला. अरे, उजव्या हाताने ओढते तेव्हा लाकूड तुझ्याकडे येतं, तेव्हा हत्यार लावायचं. डाव्याने ओढते तेव्हा ते माघारी फिरतं, तेव्हा उचलायचं. तू उचलतोस कधी? सारखा आपला दाबतोस!"

शिंप्याने हत्यार खाली ठेवलं. "काकू, तुम्हाला हे येतं?"

"चाळीस वर्षं ओढलीय दोरी. हत्यार जरा चुकलं की मनगटाला कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तूच म्हणालास, बोलू नका."

शिंपी शरमेने लाल झाला. मग मुकाट्याने शिकला. पण दोन दिवसांत खांब होणार किती? दोनच झाले.

बारशाला विहीणबाईंनी पाळण्याभोवती फेरी मारली. "व्याहीबुवा, दोन खांब गोल, नि हे दोन चौकोनी कसे?"

शिंप्याने मागे उभ्या म्हातारीला हात धरून पुढे आणलं. "गोल आहेत ते या माझ्या गुरूंनी शिकवलेले. आणि चौकोनी राहिले, कारण यांना न विचारता मी आठ दिवस गावोगाव गुरू शोधत हिंडलो."

तात्पर्य: ज्याला आपण नुसतं राबायला बसवतो, त्याला आधी विचारावं, गुरू बहुधा तिथेच गप्प बसलेला असतो.